प्रिंटर सगळ्यात शेवटी घ्या: विमानाच्या सुट्या भागांच्या थ्रीडी प्रिंटिंगमध्ये कोल्हापूरच्या कारखान्याने कसं शिरावं

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शेडबाहेर उभं राहिलं की उजळाईवाडीच्या धावपट्टीवर उतरणारं विमान दिसतं. आत शेडमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग यंत्रावर, एखादं हाउसिंग २० मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये निघत असतं. हाताला एवढी अचूकता असताना त्या विमानाचा एखादा सुटा भाग आपल्याकडे का होऊ नये, असं वाटणं रास्त आहे. पण बहुतेक जण याचं उत्तर प्रिंटरच्या कोटेशनमध्ये शोधायला लागतात. मेटल प्रिंटर घेतला, कर्ज डोक्यावर आलं आणि विमानाचा एक भागही सुटला नाही, ही वाट फार सोपी आहे. या धंद्यात प्रिंटिंग हा सगळ्यात छोटा टप्पा आहे. त्याच्या आधी कागद असतो, मागून उष्णतोपचार, मशिनिंग आणि तपासणी. कोल्हापूरची ताकद या मागच्या भागात आहे.

गिऱ्हाइकाची अडचण कोणती

प्रवासी विमान २५-३० वर्षं उडतं. त्याचा एखादा ब्रॅकेट किंवा डक्ट (हवेची नळी) ज्या डायवर बनला, ती डाय तोवर भंगारात गेलेली असते. नवा भाग मागवला की पुरवठादार किमान ऑर्डर सांगतो, नाहीतर कित्येक महिन्यांची मुदत. तेवढ्यासाठी विमान जमिनीवर अडकलं की त्याला एओजी म्हणतात, आणि एओजीच्या तासांपुढे भागाची किंमत कुणी विचारत नाही. थ्रीडी प्रिंटिंगला इथं जागा आहे: वर्षाला पाच-पन्नास नग, टूलिंग नाही, गुंतागुंतीचा आकार.

काही उदाहरणं पक्की आहेत. २०१५ साली अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने जीई-९० इंजिनातल्या टी-२५ सेन्सरच्या प्रिंट केलेल्या घराला मान्यता दिली आणि वापरात असलेल्या ४०० हून जास्त इंजिनांवर ते बसवायचं ठरलं. लीप इंजिनाच्या इंधन नोझलमध्ये साधारण २० तुकडे जोडावे लागत, तिथं एकच तुकडा आला आणि वजन २५ टक्के उतरलं. देखभालीच्या दृष्टीने सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मात्र लुफ्तान्सा टेक्निक आणि प्रीमियम एरोटेक यांच्या ए-लिंकचं आहे. व्ही-२५०० इंजिनाच्या तोंडाशी बर्फ साचू नये म्हणून गरम हवेची गोल नळी असते. ती नऊ छोट्या टायटॅनियमच्या ए-लिंकांवर धरलेली असते. कंपनाने त्यांचं भोक झिजतं आणि लिंक बदलावी लागते. मूळ लिंक फोर्ज केलेली. २०२२ मध्ये तीच लिंक पावडरपासून प्रिंट करून, भार घेणारा भाग म्हणून, युरोपच्या इएएसए या विमानसुरक्षा नियामकाकडून मान्य झाली. भाग छोटा, झीज ठरावीक जागी आणि नग मोजके. शोधायचे ते असले भाग.

उलट, ७०७५ अल्युमिनियमच्या ठोकळ्यातून व्हीएमसीवर दोन तासांत निघणारा साधा ब्रॅकेट प्रिंट करायला जाऊ नका. नट-बोल्ट, गिअर, लँडिंग गिअरचे भाग, फिरत्या डिस्क यांची तर वहीत नोंदही नको.

पहिलं काम: भागांच्या तीन टोपल्या

कुठल्याही एमआरओकडे, म्हणजे विमान देखभाल-दुरुस्ती संस्थेकडे, नागपूरच्या मिहानमध्ये, हैदराबादला किंवा होसूरला, जाण्याआधी स्वतःशी भागांची वाटणी करा. निकष एकच: हा भाग उडताना तुटला तर काय होईल?

पहिल्या टोपलीत न उडणारी वस्तू. ड्रिल जिग, तपासणीचं गेज, रंगकामाचे मास्किंग प्लग, उघड्या पाइपची टोपणं, भाग ठेवायचे ट्रे. दुसऱ्या टोपलीत केबिनमधली बिनभाराची वस्तू: आर्मरेस्टची टोपी, वायर धरणारी क्लिप, हवेच्या जाळीची चौकट. तिसऱ्यात धातूचे भाग, आणि त्यातही तुटले तर विमानाला धोका नाही असे आधी. इएएसएचा या विषयावरचा मार्गदर्शक कागदही अशा कमी धोक्याच्या भागांपासून अनुभव जमवावा याच विचाराचा आहे.

दुसरं काम: बनवायचा हक्क कुणाचा, ते विचारा

आपल्याकडची सवय अशी की नमुना आला, मोजला, बनवला, बिल फाडलं. इथं ती सवय दारातच ठेवा. स्कॅनरने माप मिळतं. हक्क मिळत नाही आणि टॉलरन्सही मिळत नाही. घासलेल्या नमुन्याचं भोक १२.०६ मिलिमीटर भरलं, तर मूळ १२.०० होतं की १२.०५, हे नमुना सांगू शकत नाही.

भाग विमानावर चढायचा तर त्याच्या मागे मान्य डिझाइन आणि मान्य उत्पादन दोन्ही लागतात. भारतात हे नागरी विमान वाहतुकीच्या कार-२१ या नियमाखाली येतं. मान्य उत्पादक भागासोबत सीए फॉर्म १ हा दाखला देतो. अमेरिकेत बाहेरच्या उत्पादकासाठी पीएमए नावाची मान्यता आहे. दुरुस्ती संस्थेला कार-१४५ खाली स्वतःच्याच दुरुस्तीच्या कामात लागणारे मर्यादित भाग, मान्य डेटावरून, स्वतःच्या गुणवत्ता यंत्रणेखाली बनवण्याची मुभा असते. पण ते भाग विकता येत नाहीत. लष्करी विमानांसाठी बेंगळुरूच्या सेमिलॅक या लष्करी विमानांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे जावं लागतं.

म्हणून कोल्हापूरच्या कारखान्याने सुरुवातीची काही वर्षं उपकंत्राटदार म्हणूनच विचार करावा. डिझाइन त्यांचं, मान्यता त्यांची, प्रक्रिया त्यांनी तपासलेली, काम आपलं. स्वतःच्या नावाने भाग विकायची घाई केली तर तो संशयित, म्हणजे अमान्य भाग ठरतो. तसा शिक्का एकदा बसला की पुन्हा कुणी दारात घेत नाही.

पहिली टोपली: जिग आणि फिक्श्चर

इथं पैसा लहान, पण शिकायला सगळ्यात चांगली जागा. तरी सरळ उडी मारू नका. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये ठरावीक टूल सांगितलेलं असेल, तर तुमचं टूल त्याच्या बरोबरीचं आहे हे एमआरओच्या मंजूर पद्धतीने सिद्ध व्हावं लागतं. मोजमापाचं टूल असेल तर कॅलिब्रेशनही आलं.

मटेरियलच्या बाबतीत पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक आधी बाजूला टाका. ५५-६० अंशांवर ते नरम पडतं. एप्रिलच्या उन्हात डांबरी ॲप्रनवर ठेवलेलं गेज वाकडं झालं की कळतही नाही आणि भोकं चुकीच्या जागी पडतात. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट यांचं वैर स्कायड्रॉलशी आहे. विमानाच्या हायड्रॉलिकमधलं हे फॉस्फेट एस्टरचं तेल त्यांना खातं, तडे पाडतं. हायड्रॉलिकजवळच्या कामाला नायलॉन बरं. नायलॉन मात्र हवेतलं पाणी शोषतं. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात उघडा ठेवलेला रोल ओला होतो, प्रिंट करताना नोझलमधून चरचर आवाज येतो आणि पृष्ठभागावर फोड दिसतात. रोल ७०-८० अंशांवर सहा-आठ तास वाळवा आणि प्रिंट चालू असतानाही कोरड्या डब्यातूनच सोडा.

ड्रिल जिग करताना प्लास्टिकच्या भोकात थेट ड्रिल घालू नये. भोक ०.२ मिलिमीटर लहान प्रिंट करा, रीमरने मापात आणा, मग कडक केलेली स्टीलची बुश इपॉक्सीने बसवा. बुश बसल्यावर सीएमएम या मोजमापाच्या यंत्रावर पिच, म्हणजे भोकांमधलं अंतर, तपासा. आधी तपासण्याला अर्थ नाही, कारण इपॉक्सी सेट होताना बुश सरकते. कार्बन फायबर भरलेलं नायलॉन ताठ असतं, पण अल्युमिनियमच्या कातडीवर घासलं की ओरखडा उठतो, आणि ओलाव्यात कार्बन-अल्युमिनियम जोडी गंजाला आमंत्रण देते. टेकणाऱ्या जागी टेफ्लॉनची पट्टी लावा. रंग भडक लाल किंवा केशरी ठेवा आणि प्रत्येक टूलवर क्रमांक कोरा. विमानात विसरलेलं काळं टूल दिसत नाही, हे एवढं साधं कारण त्यामागे आहे.

दुसरी टोपली: केबिन, म्हणजे आगीची परीक्षा

इथं नेहमीचं मटेरियल अल्टेम ९०८५ हे प्लास्टिक. एअरबसने ए-३५० साठी हेच वापरून हजाराहून जास्त भाग प्रिंट करून घेतल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. ते नीट चिकटायला प्रिंटरचा कप्पा १८० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. टेबलावरचं यंत्र 'अल्टेम चालतं' म्हणून विकलं जातं, पण कप्पा ९० अंशांवर असेल तर थर एकमेकांना धरत नाहीत. नीट प्रिंट केलेल्या भागातही थर एकमेकांपासून सुटतील अशी ओढ दिली तर ताकद थरांच्या दिशेतल्या ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच भरते. क्लिपचा काटा थरावर मोडतो तो म्हणूनच. काटा प्रिंटरच्या प्लेटवर आडवा झोपवून प्रिंट करा.

विमान-मान्यतेच्या नियमांतला आगीचा नियम २५.८५३. उभ्या पट्टीला खालून ज्योत लावतात. ६० सेकंदांच्या चाचणीत जळालेली लांबी सरासरी ६ इंच, ज्योत काढल्यावर जळत राहणं १५ सेकंद आणि गळणाऱ्या थेंबाचं जळणं ३ सेकंद, याहून जास्त चालत नाही. १२ सेकंदांच्या चाचणीला हेच आकडे ८ इंच, १५ आणि ५. किमान तीन पट्ट्या. लोक फसतात ते इथं: पट्टी भरीव प्रिंट करतात आणि भाग आतून जाळीदार. आतल्या पोकळीने जळणं बदलतं. पट्टीची जाडी, भरण, दिशा, एवढंच काय वरून मारलेला रंगसुद्धा भागासारखाच हवा. रंग बदलला तर चाचणी परत.

तिसरी टोपली: धातू

लेझर पावडर-बेड यंत्रात टायटॅनियम, इन्कोनेल किंवा अल्युमिनियमची १५ ते ४५ मायक्रॉनची पावडर ३० ते ६० मायक्रॉनच्या थरांत वितळवतात, आर्गॉनखाली. यंत्र मोठ्या सेवा पुरवठादाराकडे राहू द्या. टप्पे मात्र सगळे माहीत हवेत, कारण त्यांची चूक तुमच्या व्हीएमसीवर उघडी पडते.

पावडरचा दाखला आधी वाचा. ग्रेड ५ टायटॅनियममध्ये ऑक्सिजनची मर्यादा ०.२० टक्के. नवी पावडर त्याहून बरीच खाली असते, पण चाळून पुन्हा वापरली की दर फेरीला ऑक्सिजन चढत जातो आणि धातू ठिसूळ होतो. कुठल्या लॉटची पावडर किती वेळा फिरली, हे कागदावर नसेल तर तो जॉब घेऊ नका. हीट नंबर नसलेलं कास्टिंग आपण परत पाठवतो ना, तसंच.

दिशा ठरवताना ४५ अंशांपेक्षा आडवा पडणारा भाग आधाराशिवाय टिकत नाही. आधार आतल्या वाटेत आला तर काढताच येत नाही. आतल्या पोकळ्यांतली सुटी पावडर भट्टीत जाण्याआधी पूर्ण झटकायला हवी. राहिली तर भट्टीत ती आतच भाजून दगड होते, आणि मग डक्ट कापूनच बघावा लागतो.

क्रम चुकवू नका: आधी ताण घालवणं, मग प्लेटवरून कापणं. टायटॅनियमला ६५० ते ८०० अंश, व्हॅक्यूम किंवा आर्गॉनमध्ये. प्लेटवरून आधी कापला तर पातळ भाग केळ्यासारखा वाकतो आणि नंतर सरळ होत नाही. हवेत तापवला तर वर अल्फा केस नावाचा कडक, ठिसूळ थर धरतो, तो उतरवावा लागतो. मग वायर-कट. त्यानंतर एचआयपी, म्हणजे तापवून चहूबाजूंनी गॅसचा दाब देणं: एएसटीएम एफ२९२४ या मानकाप्रमाणे ८९५ ते ९५५ अंश, किमान १०० मेगापास्कल दाब, दोन ते चार तास. आतली बारीक छिद्रं त्यात मिटतात. पृष्ठभागाला उघडणारं छिद्र मात्र मिटत नाही, कारण गॅसचा दाब त्याच्या आतही शिरतो. एचआयपी बाहेरून करून घ्यावी लागेल हे धरूनच मुदत सांगा.

आता आपलं घर: मशिनिंग. प्रिंट केलेल्या जॉबला धरायला सरळ बाजूच नसते, तिथं अनुभवी सेटरही अडतो. यावरचा उपाय मशिनवर नसतो, ड्रॉइंगमध्ये असतो. प्रिंटच्या आधीच तीन टेकण्याचे पॅड, दोन बाजूचे आणि एक थांबा मॉडेलमध्ये टाकून घ्या, शेवटी कापून टाकता येतील असे. मशिनिंगचा वाव १ ते १.५ मिलिमीटर ठेवा, ०.५ वर समाधान मानलं तर वाकलेल्या कोपऱ्यात कच्चा पृष्ठभाग राहतो. पहिल्या कटाला आधारांचे ठोंब आडवे येतात आणि इन्सर्टची धार उडते. ते आधी ग्राइंडरने काढा. कार्बाइडने टायटॅनियमला ४०-६० मीटर प्रति मिनिट, इन्कोनेल ७१८ ला २०-४०, कुलंट जोरात, आणि टूल जागेवर घासत ठेवायचं नाही. टायटॅनियमचा बारीक चुरा पेटतो. त्यावर पाणी मारू नये, डी वर्गाचं अग्निशामक शेजारी हवं. बीडाचा आणि टायटॅनियमचा चुरा एका ट्रॉलीत जाऊ देऊ नका.

तपासणीत एक गफलत वारंवार होते. प्रिंट केलेल्या खरखरीत पृष्ठभागावर पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारा रंग, टाकला की सगळाच भाग चमकतो, तडा वेगळा दिसत नाही. मशिनिंग आणि एचिंगनंतरच ती चाचणी करा. आतल्यासाठी सीटी स्कॅन. आणि प्रत्येक प्लेटवर भागांसोबत चाचणीचे दांडे उभे-आडवे प्रिंट झालेले असावेत. दांडा तुटला ठरल्याच्या खाली, तर प्लेटवरचे सगळे भाग गेले.

भावाचा हिशोब करायला एक मानलेलं उदाहरण. भाग टायटॅनियमचा, ६० घनसेंटिमीटर, आधार धरून ७२, उंची ९० मिलिमीटर. ३० मायक्रॉनने ३००० थर. प्रत्येक थराला पावडर पसरायला १० सेकंद धरले तर सव्वाआठ तास नुसते पसरण्यात. लेझर तासाला १५ घनसेंटिमीटर वितळवत असेल तर एका भागाला पावणेपाच तास. एकच भाग केला तर साधारण १३ तास यंत्र अडकलं; प्लेटवर सहा बसवले तर ३७ तास, म्हणजे नगाला सव्वासहा. भागाचं वजन २६६ ग्रॅम. चाचणीचे दांडे, भट्टी, एचआयपी, स्कॅन आणि कागद हे खर्च प्लेटला लागतात, नगाला नाही. एक नगाचा भाव आणि सहा नगांचा भाव यांत केवढी दरी पडते, ते त्यातून कळतं.

फौंड्रीवाल्यांसाठी वेगळी वाट

शिरोलीच्या फौंड्रीला लेझरपेक्षा वाळूचा प्रिंटर जवळचा. वाळूच्या ०.३ मिलिमीटरच्या आसपासच्या थरांवर फ्युरान बाइंडर फवारून थेट मोल्ड आणि कोअर तयार होतात. पॅटर्न नाही, कोअरबॉक्स नाही, ड्राफ्ट नाही. जुन्या विमानाचं पंप हाउसिंग किंवा गिअरबॉक्सचं कव्हर तीन नगच हवं असेल, पॅटर्न कुणाकडेच उरला नसेल, तर याला तोड नाही. पाच कोअर चिकटवण्याऐवजी एकच निघतो, त्यामुळे जोडावरची फिनही जाते.

पण आपली सवय ग्रे आणि एसजी आयर्नची, आणि हे काम अल्युमिनियम ए-३५६ चं. त्यात लोखंड ०.२० टक्क्यांच्या वर गेलं की सुईसारखे कण तयार होतात आणि कास्टिंग ठिसूळ होतं. बीडाची लेडल, बीडाची सळई, त्याच शेडची धूळ, काहीच चालत नाही. वेगळी शेड, वेगळी हत्यारं. वितळलेल्या धातूत हायड्रोजन विरघळतो, पावसाळ्यात जास्तच. ओतण्याआधी फिरत्या रोटरने आर्गॉन सोडून डीगॅसिंग करा. प्रिंट केलेल्या कोअरमध्ये बाइंडर जास्त असला की गॅस सुटतो आणि ब्लो होल येतात. त्यामुळे मॉडेलमध्येच गॅस निघायच्या वाटा काढा, कोअर आतून पोकळ ठेवा. त्यानंतर टी-६ उष्णतोपचार: सुमारे ५४० अंशांवर तापवून मिश्रघटक विरघळवणं, पाण्यात थंड करणं, १५५-१६० अंशांवर एजिंग. हे सगळं झालं तरी विमानाच्या हिशोबात कास्टिंगला जादा सुरक्षा फॅक्टर धरतात आणि एक्स-रे मागतात. त्याची तयारी भाव देतानाच असू द्या.

झिजलेल्या भागावर धातू चढवायच्या वाटाही आहेत. लेझरने ब्लेडची टोकं भरणं जुनं आहे, आणि कोल्ड स्प्रे (न वितळवता वेगाने पावडर मारणं) मॅग्नेशियमच्या गिअरबॉक्स हाउसिंगसाठी वापरतात. दोन्हींना मान्य दुरुस्ती डिझाइन लागतं, ते डिझाइन मालकाकडून येतं.

कागद, वीज आणि पाऊस

एएस ९१०० डी या विमान उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राशिवाय कुणी कोटेशन वाचणार नाही. पहिल्या नगाला एएस ९१०२ चा प्रथम-नग अहवाल: ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक, प्रत्येकासमोर आकडा. एकदा प्रक्रिया मान्य झाली की ती गोठते. यंत्राचा अनुक्रमांक, पॅरामीटरची फाइल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, पावडरचा पुरवठादार, पावडर पसरवणाऱ्या पात्याचा प्रकार, यातलं काहीही बदललं तर पुन्हा सिद्ध करावं लागतं. 'पातं संपलं होतं, दुसरं लावलं' हे वाक्य ऑडिटरसमोर महाग पडतं.

वीज गेली आणि बिल्ड थांबलं तर त्या थरावर रेघ उमटते. थांबलेलं बिल्ड परत चालू करून भाग पाठवायचा नाही. ते स्क्रॅप, हा नियम आधीच लिहून ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या ऑपरेटरला स्वतः ठरवावं लागत नाही. यूपीएस यंत्रासोबत चिलर आणि गॅसच्या पंपालाही हवा. नुसतं लेझर चालू राहून उपयोग नाही. पावडरच्या खोलीत आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास धरायची तर आषाढात एसी पुरत नाही, डीह्युमिडिफायर लागतो. ओली पावडर नीट पसरत नाही आणि अल्युमिनियमच्या पावडरीतला ओलावा थेट छिद्रांत उतरतो.

सुरुवात कुठून करायची? बेळगावच्या वाटेवर हत्तरगीचं एरोस्पेस सेझ आहे. तिथल्या किंवा कुठल्याही खरेदी विभागाला पहिल्याच पत्रात पाच गोष्टी विचारा. ड्रॉइंगची कुठली रिव्हिजन. प्रिंटचा पुरवठादार कोण आणि त्याची प्रक्रिया कुणी मान्य केली. जॉब एचआयपीच्या आधी येणार की नंतर. टेकण्याचे पॅड मॉडेलमध्ये टाकायची मुभा आहे का. आणि मशिनिंगमध्ये छिद्र उघडं पडलं तर रिजेक्शन कुणाच्या खात्यावर. पाचव्याचं उत्तर लेखी आल्याशिवाय जॉब मशिनवर चढवू नका.